‘पासिंग इयर’साठी थांबलेल्या पदव्या : राज्यातल्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलगुरू, परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे संचालक आणि स्वायत्त महाविद्यालयांचे प्राचार्य

स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. चार वर्षांत बाहेर पडणारी मुलं कमी का झाली? उत्तरंही पाठ झालेली आहेत. मोबाइल, कोविडनंतर मोडलेली अभ्यासाची बैठक, एकमेकांच्या उतरवलेल्या असाइनमेंट. यातलं काही खरं असेलच. पण सात सत्रं दहापैकी आठच्या वर पॉइंटर (सरासरी श्रेणीगुण) राखलेला आणि आठव्या सत्रात नेमका एकच पेपर न दिलेला विद्यार्थी नापास झालेला नसतो. तो थांबलेला असतो, आणि बाहेर नोकरभरती कशी आहे हे पाहून थांबलेला असतो. निकालपत्रकावर मात्र नापास आणि थांबलेला हे दोघं एकाच रकान्यात पडतात. त्यामुळे औषधही दोघांना एकच दिलं जातं : जादा तास आणि पालकसभा.

हा निर्णय कधी होतो, ते आधी पाहू. सातवं सत्र सुरू होतं त्या जुलै-ऑगस्टमध्ये कॅम्पस ड्राइव्ह सुरू होतात. मोठी भरती करणाऱ्या कंपन्या साधारण डिसेंबरपर्यंत येऊन जातात. त्यामुळे हंगाम कोरडा गेला की नाही, हे जानेवारीत सगळ्या बॅचला कळलेलं असतं. आठव्या सत्राचे परीक्षा अर्ज भरायला तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने उरलेले असतात. एवढ्या अवधीत मुलगा किंवा मुलगी हिशेब करते. यंदा पास झालो तर मार्कशीटवर यंदाचं वर्ष छापलं जाईल. ऑफ कॅम्पस जाहिरातींमध्ये पात्रतेच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच पासिंग इयर असतं, क्वचित दोन. म्हणजे बाजार दीड वर्षाने सुधारला तर तेव्हाच्या जाहिराती पुढच्या बॅचसाठी असतील, आपल्यासाठी नाहीत. कॉलेजचा प्लेसमेंट कक्षही बहुतेक ठिकाणी निकालानंतर नाव काढून टाकतो. पदवी लवकर मिळाली की फ्रेशर म्हणून असलेलं आयुष्यही लवकर संपतं, हे गणित विद्यार्थ्यांनी रचलेलं नाही. ते पात्रतेच्या अटींनी रचलेलं आहे.

आकड्यांत मांडलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. उदाहरणापुरतं धरू की सुरुवातीचा पगार वर्षाला साडेतीन लाख आहे. चांगल्या वर्षी नोकरी लागण्याची शक्यता शंभरात सत्तर, वाईट वर्षी तीस. एक वर्ष थांबल्याने बुडणारी अपेक्षित कमाई चांगल्या वर्षी 2 लाख 45 हजार, वाईट वर्षी 1 लाख 5 हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस धरून महिना आठ ते दहा हजार खर्च आहे, म्हणजे वर्षाचा लाखभर. तो दोन्ही वर्षी सारखाच. बदलते ती फक्त बुडीत कमाई. म्हणून भरती आटली की थांबणं स्वस्त होतं आणि भरती वाढली की महाग. नोकरीच्या बाजाराचा पदवीच्या मुदतीवर परिणाम होतो तो या साध्या वजाबाकीतून. त्यात आळस शोधायची गरज नाही.

ही वजाबाकी सगळ्यांना परवडत नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. शैक्षणिक कर्ज घेतलेल्याचं पाहा. बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमाची मुदत अधिक एक वर्ष एवढी हप्त्यातून सवलत असते. मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तर जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, पण व्याज थांबत नाही. सहा लाखांवर दहा टक्क्यांनी सरळव्याज धरलं तरी एका वर्षाचे साठ हजार होतात. तेच वर्ष पुन्हा करणाऱ्याच्या शिष्यवृत्तीत अडथळा येतो, वसतिगृहातली जागा जाते. आणि ज्या घरात मुलीला ‘चार वर्षं, पाचवं नाही’ असं आधीच बजावलेलं असतं, तिथे या हिशेबाला बसायचीही सोय नसते. परिणामी मंदीच्या वर्षात ऐपत असलेला थांबतो, नसलेला मिळेल ते घेऊन बाहेर पडतो. दोन वर्षांनी त्याच वर्गातल्या दोघांच्या पगारात फरक दिसतो आणि आपण तो गुणवत्तेच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

थांबण्याचे जे मार्ग आज मुलं वापरतात, ते सगळे आडमार्ग आहेत. प्रत्येकात काहीतरी बिघडतं.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अर्ज भरून एका पेपरला गैरहजर राहायचं. यात तो प्रयत्न मोजला जातो. पुढे पास झाल्यावरही ‘सर्व विषय पहिल्या प्रयत्नात’ मागणाऱ्या कंपनीत तो अडतो. शिवाय केटी, म्हणजे न सुटलेला विषय, शिल्लक असेपर्यंत ‘नो अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग’ या अटीमुळे पुढच्या परीक्षेपर्यंतच्या सहा महिन्यांत आलेल्या ड्राइव्हलाही बसता येत नाही. ज्या संधीसाठी थांबला, तिलाच तो अपात्र ठरतो. हे बऱ्याच जणांना अर्ज नाकारला गेल्यावरच कळतं.

दुसरा मार्ग प्रोजेक्ट किंवा टर्मवर्क जमा न करण्याचा. टर्म ग्रँट, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची कॉलेजची मंजुरी, झाली नाही की पूर्ण सत्र पुन्हा नोंदवावं लागतं, फी पूर्ण भरावी लागते, प्रोजेक्टचा गट मोडतो, गाइड बदलतो. त्यातच अभ्यासक्रम बदलला तर समतुल्य विषयांचा घोळ सुरू होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात 2015, 2019 आणि 2024 असे पॅटर्न पाठोपाठ आले. पॅटर्न बदलाच्या वेशीवर थांबलेल्या विद्यार्थ्याला जुन्या पॅटर्नच्या शिल्लक परीक्षा किती, हे कुणी आपणहून सांगत नाही. सूचना संकेतस्थळावर असते, पण ती शोधायला कोणत्या शब्दाने शोधायचं हेही माहीत असावं लागतं.

तिसरा मार्ग प्रतिष्ठित आहे : पदवी घेऊन लगेच एम. ई., एमबीए किंवा एमसीएला प्रवेश. पासिंग इयर दोन वर्षं पुढे सरकतं, घरी सांगायला कारण मिळतं, गॅप दिसत नाही. ज्याला त्या विषयात खरंच पुढे जायचं आहे, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. पण केवळ फ्रेशरपण टिकवण्यासाठी घेतलेली पदव्युत्तर जागा हे महागडं प्रतीक्षालय आहे. दुसऱ्या वर्षी नोकरी लागली की ती अर्धवट सुटते. मग मूळ कागदपत्रं परत मिळवण्यासाठी हेलपाटे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांमध्ये याचीच दुसरी आवृत्ती दिसते. एम. ए.ला नाव, कारण वसतिगृह आणि अभ्यासिका त्या प्रवेशावर टिकून. यात एमपीएससीचा काहीही आग्रह नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो.

बाजार तेजीत असतानाही पदव्या लांबतात, मात्र कारण उलटं असतं. 2021-22 या आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे 1 लाख आणि इन्फोसिसने सुमारे 85 हजार फ्रेशर घेतले. तशा हंगामात शेवटच्या सत्रात पूर्णवेळ इंटर्नशिपला गेलेली मुलं प्रोजेक्टचा अहवाल मागे ठेवतात, एखादा ऐच्छिक विषय राहून जातो आणि पगार सुरू झाल्यावर परत येऊन तो सोडवण्याची निकड उरत नाही. नोकरी बदलताना मूळ पदवी मागितली की धावपळ होते. पाठोपाठ 2023-24 आलं. टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या त्या एका वर्षात 63 हजारांहून जास्त घटली. याच काळात अनेक फ्रेशरांचं ऑफर लेटर हातात आणि जॉइनिंगची तारीख महिनोन्महिने पुढे, अशी गत झाली. दोन वर्षांच्या अंतरात एकाच महाराष्ट्रातल्या दोन बॅचना दोन वेगळे देश मिळाले.

थांबणं शहाणपणाचं की वेडेपणाचं? याचं उत्तर ‘परिस्थितीवर अवलंबून’ एवढंच देऊन भागत नाही, कारण यावर चांगलं काम झालेलं आहे. लिसा कान यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1979 ते 1989 या काळातले अमेरिकी पदवीधर तपासले. बेरोजगारीचा दर एक टक्काबिंदू जास्त असताना बाहेर पडलेल्यांचा सुरुवातीचा पगार सुमारे 6 ते 7 टक्के कमी होता, आणि पंधरा वर्षांनीही तो फरक पूर्ण मिटला नव्हता. कॅनडातल्या पदवीधरांवर फिलिप ओरियोपोलोस आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेलं चित्र थोडं दिलासा देणारं आहे. तिथे मंदीत बाहेर पडल्याचा तोटा साधारण दहा वर्षांत विरतो, आणि तो विरतो मुख्यतः नोकरी बदलून चांगल्या कंपनीत गेल्यामुळे. आपल्याकडे नेमकी हीच वाट बाँडने अडवलेली असते. दोन वर्षांचा सेवाकरार आणि आधी सोडल्यास लाखाच्या घरातला दंड, कुठे कुठे तर मूळ मार्कशीटही कंपनीकडे ठेवून घेतलेली. पडेल ती नोकरी घे आणि वर्षभराने बदल, हा सल्ला कॅनडात चालेल. इथे तो देण्याआधी बाँडचा कागद वाचायला हवा. प्लेसमेंट कक्षाने एवढं एक काम जरी नीट केलं, तरी निम्म्या मुलांचा थांबण्याचा विचार बदलेल असं आमचं मत आहे.

भारतातला आकडाही समोर ठेवू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये तरुण पदवीधरांमधला बेरोजगारीचा दर 29.1 टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो 3.4 टक्के होता. न शिकलेल्याला मिळेल ते काम लगेच करावंच लागतं, शिकलेला वाट पाहतो. ही वाट काही जण पदवीनंतर घरी बसून पाहतात, काही पदवीच्या आत राहून.

आता नियमांकडे येऊ. पदवीचा वेग विद्यार्थ्याने ठरवावा, हे तत्त्व विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलं आहे. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत किंवा जास्तीत जास्त दोन सत्रं वाढवून घेता येईल, चार वर्षांची पदवी सहा-सात सत्रांत किंवा तशीच दोन सत्रं वाढवून. तसा उल्लेख पदवीवर असेल, पण नोकरीसाठी ती नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य. योजना चांगली आहे. तिची कार्यपद्धती मात्र निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस करायला सांगते. म्हणजे वेग विद्यार्थ्याच्या कुवतीवरच ठरतो, असं गृहीत धरलेलं आहे. बाजार कसा आहे हे कळतं शेवटच्या वर्षी, आणि दार बंद होतं पहिल्याच वर्षी. पावसाळ्याचं तिकीट होळीला काढून ठेवा म्हणण्यातला हा प्रकार आहे. आयोगाकडे दुरुस्तीची मागणी आपण कुलगुरूंनी एकत्र करावी. ती होईपर्यंत जे आपल्या अधिकारात आहे, ते करावं.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या वर्षासाठी जलद फेरपरीक्षा. संलग्न महाविद्यालयात एक केटी म्हणजे सहा महिने, स्वायत्त महाविद्यालयात तीच केटी काही आठवड्यांत सुटते. एकाच शहरातल्या दोन कॉलेजांमध्ये हा फरक का असावा? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 चं कलम 89 निकालासाठी 30 दिवस आणि फार तर 45 दिवस सांगतं. तेवढं पाळलं तर वेळापत्रक असं बसतं : शेवटचा पेपर 20 मे, निकाल 20 जून, फेरपरीक्षेचे अर्ज 27 जूनपर्यंत, परीक्षा 10 ते 20 जुलै, निकाल 5 ऑगस्ट. प्रश्नपत्रिकेचे तीन संच मूळ परीक्षेच्या वेळीच काढून ठेवायचे, कारण जूनमध्ये पेपर काढायला माणूस मिळत नाही. उत्तरपत्रिका थोड्या असतात, त्यामुळे कॅप (मध्यवर्ती मूल्यांकन) केंद्र विभागवार एकच पुरतं. अडेल ते पुनर्मूल्यांकनाशी. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधी फेरपरीक्षा झाली तर विद्यार्थी दोन्हीकडे पैसे भरतो. म्हणून उत्तरपत्रिकेची छायाप्रत निकालाबरोबरच पोर्टलवर द्यावी. मुळात निकालच रेंगाळला तर काय होतं, हे 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनस्क्रीन मूल्यांकनाने दाखवलेलं आहे. त्यात मुलांचे पुढचे प्रवेश हुकले आणि कुलगुरूंचं पद गेलं.

दुसरी गोष्ट, थांबण्याला अधिकृत नाव द्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 31 जानेवारीपर्यंत अर्ज करून एक किंवा दोन सत्रांचा विराम घेता यावा. त्याचा प्रयत्न मोजला जाऊ नये, मार्कशीटवर तारांकन येऊ नये, आणि उरलेल्या श्रेयांकांपुरतीच (क्रेडिट) फी घ्यावी. वर्षाची फी एक लाख आणि सत्राचे 20 श्रेयांक असतील, तर चार श्रेयांकांचा एक विषय राहिलेल्याकडून दहा हजार घ्यावेत, पन्नास नव्हेत. अर्जासोबत एक पानी माहितीपत्रक सक्तीचं करा : शिष्यवृत्तीचं काय होईल, कर्जावरचं व्याज किती वाढेल, वसतिगृह मिळेल की नाही, सध्याचा पॅटर्न कधीपर्यंत चालेल. विद्यार्थ्याने ते वाचून सही करावी. अर्धे अर्ज तिथेच मागे घेतले जातील, आणि ते ठीकच आहे.

विराम घेतलेल्याने त्या काळात काय करावं, यात एक खाच आहे, तीही माहितीपत्रकात हवी. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षभरासाठी महिना पाच हजार ठरले, पण पूर्णवेळ शिकत असलेल्याला नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठरलं, तेही शिक्षण संपलेल्यासाठी. म्हणजे सरकारच्या विद्यावेतन योजना बाहेर पड म्हणतात आणि कंपन्यांची पासिंग इयरची अट आत राहा म्हणते. मधल्या माणसाने कुणाचं ऐकायचं, हे निदान त्याला दोन्ही अटी माहीत असताना तरी ठरू दे.

तिसरी गोष्ट प्लेसमेंट कक्षांची. पदवीनंतर 18 महिने नोंदणी चालू ठेवा. टीपीओंचा (प्लेसमेंट अधिकाऱ्यांचा) आक्षेप माहीत आहे : जुनी बॅच नव्या बॅचच्या जागा खाईल. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीचा हंगाम चालू बॅचचा आणि 1 जानेवारीपासून दोन्ही बॅच एकत्र. तोपर्यंत आधीच्या बॅचसाठी अ‍ॅप्रेंटिसशिपच्या जागा खुल्या ठेवाव्यात. आणि कंपनी कॅम्पसवर यायला तारीख मागते, तेव्हाच पासिंग इयरऐवजी ‘गेल्या 24 महिन्यांत उत्तीर्ण’ असा शब्दप्रयोग मागून घ्यावा. एकटं कॉलेज मागेल तर कंपनी शेजारच्या कॉलेजात जाईल, म्हणून हे विद्यापीठाच्या पातळीवर व्हायला हवं. पासिंग इयरची अट सैल झाली की थांबण्याचं मुख्य कारणच जातं. वरच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त, आणि बहुधा सर्वांत अवघड.

एनआयआरएफ, म्हणजे शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, तिच्याबद्दल थोडक्यात. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत पदवीच्या फलिताच्या 100 गुणांपैकी प्लेसमेंट आणि उच्च शिक्षण मिळून 40 गुण आहेत, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण होण्याला 15. त्यामुळे नोकरी न लागलेला पदवीधर एम. ई.ला गेला तर संस्थेच्या खात्यात तो यशच धरला जातो, आणि उघडपणे एक सत्र थांबला तर तोटा. आपली आकडेवारी आपल्यालाच फसवते ती अशी. क्रमवारी बदलणं तुमच्या हातात नसेल, पण संकेतस्थळावर वेगळा तक्ता टाकणं आहे. बॅचनिहाय किती जणांनी नोंदणी केली, किती पात्र होते, किती ऑफर आल्या, किती प्रत्यक्ष रुजू झाले आणि कोणत्या महिन्यात. ऑफर आणि रुजू हे दोन रकाने वेगळे ठेवले, तरी पुढच्या बॅचला जानेवारीतला निर्णय डोळसपणे घेता येईल.

शेवटी घाईची बाब. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रवेश घेतलेली कला, वाणिज्य आणि विज्ञानाची मुलं 2027 च्या उन्हाळ्यात तिसरं वर्ष संपवतील. पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाला राहायचं, हा प्रश्न राज्यभरातल्या लाखो घरांत एकाच वेळी येईल. भरती मंद असेल तर चौथं वर्ष तुडुंब भरेल, जोरात असेल तर वर्ग ओस पडतील. तासिका तत्त्वावरचे शिक्षक नेमून हा चढउतार निभवायचा म्हटलं तर दोन्ही वर्षी फजिती आहे. तिसऱ्या वर्षाचा निकाल आणि चौथ्याचा प्रवेश यांत तीन आठवडे मिळतील. एवढ्यात नोकरीचा अंदाज कुणालाच येत नाही, म्हणून बहुतेक जण सुरक्षित म्हणून राहतील. त्याऐवजी तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला दोन-तीन वर्षांत परत येऊन चौथं वर्ष करता यावं. मिळवलेले श्रेयांक जिथे जमा राहतात त्या श्रेयांक पेढीत ते सात वर्षं टिकतात, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. अडचण जागांची आहे : चौथ्या वर्षाच्या काही जागा परतणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्या लागतील आणि ते प्रवेश पुस्तिकेत आधीच छापावं लागेल. परत येता येईल हे लेखी मिळालं, तर नोकरी समोर असलेला मुलगा ती सोडून वर्गात बसणार नाही.

त्यासाठी 2026-27 च्या शैक्षणिक वेळापत्रकात तीन तारखा असाव्यात, एवढीच मागणी आहे : विरामाच्या अर्जासाठी 31 जानेवारी, अंतिम वर्षाच्या फेरपरीक्षेसाठी 10 जुलै, आणि चौथ्या वर्षाला परतणाऱ्यांच्या प्रवेशासाठी तुम्ही ठरवाल ती. विद्या परिषदेपुढे प्रस्ताव ठेवताना परीक्षा अर्जांचे नमुने आणि फेरपरीक्षेचा खर्चाचा तक्ता लागेल. तो करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
परीक्षा विभाग आणि प्लेसमेंट कक्षांत काम करणारे काही प्राध्यापक